पडद्याआडचं दुखणं

मुलगी तेरा वर्षांची. पाळी सुरू होऊन सात-आठ महिने झालेले. महिन्याच्या महिन्याला येते, वेळेवर येते. पण दर खेपेला पोटातलं दुखणं मागच्यापेक्षा वाढलेलं. आई शेकायला गरम पाण्याची पिशवी देते, ओव्याचं पाणी देते, "सगळ्यांनाच होतं गं, पुढे सवय होते," म्हणून समजूत घालते. पुढच्या महिन्यात शाळा बुडते. त्याच्या पुढच्या महिन्यात रात्री रिक्षा करून दवाखाना गाठावा लागतो. सलाइन, एक इंजेक्शन, सकाळी घरी. एक डॉक्टर अपेंडिक्स म्हणतात, दुसरे मुतखडा. पाळी नीट येते ना, एवढा एक प्रश्न कुणीतरी विचारतं, उत्तर 'हो' असं मिळतं आणि त्या दिशेचा विचार तिथेच थांबतो.

या मुलीच्या ओटीपोटात दोन गर्भपिशव्या आहेत. एकीचं रक्त रीतसर बाहेर येतं, म्हणून पाळी नियमित. दुसरीच्या वाटेवर, योनिमार्गात, एक पडदा आहे. तिचं रक्त महिन्यामागून महिना त्या पडद्याआड साठत राहतं.

हे चित्र कुण्या एका मुलीचं नाही. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेलेल्या असंख्य मुलींची हकिगत थोड्याफार फरकानं हीच असते. जर्मन डॉक्टर हर्लिन आणि वेर्नर यांनी १९७१ मध्ये आणि वुंडरलिश यांनी १९७६ मध्ये या व्यंगाचं वर्णन केलं. या तिघांच्या नावांनी ते ओळखलं जातं. त्याची तिसरी खूण मोठी बोलकी आहे: ज्या बाजूला पडदा, त्या बाजूचं मूत्रपिंड जन्मापासून नसतं. बहुतेकींत ही उजवी बाजू असते. म्हणजे ज्या मुलीला एकच किडनी असल्याचं लहानपणीच्या एखाद्या सोनोग्राफीत दिसलेलं असतं, तिच्या फाइलमध्ये या दुखण्याचा धागा पाळी सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच पडून असतो. तो कुणी उचलत नाही, एवढंच.

यावरचा उपाय ऐकला की आधीची फरपट आणखीच लागते. योनिमार्गातून आत जाऊन तो पडदा कापायचा. पोटावर एकही छेद नाही. पडदा उघडला की आतून चॉकलेटसारखं काळपट, घट्ट रक्त वाहू लागतं. महिनोन् महिने साठलेलं. ते निघून गेल्यावर मार्ग पुन्हा मिटू नये म्हणून पडद्याचा होईल तेवढा भाग काढून कडा शिवतात. मुलगी लवकरच घरी जाते, दुखणं थांबतं आणि दोन्ही गर्भपिशव्या शाबूत राहतात. पूर्वी याच व्यंगासाठी पोट उघडून रक्तानं फुगलेली अर्धी गर्भपिशवी काढून टाकल्याच्या नोंदी आहेत. तेव्हाच्या डॉक्टरांना ती 'गाठ' वाटली होती.

स्त्रीच्या जननमार्गातल्या जन्मजात व्यंगांवरची दुर्बिणीतून किंवा नैसर्गिक मार्गानं होणारी शस्त्रक्रिया हा पुढील पानांचा विषय आहे. त्यात शिरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इथे कापण्याचं कौशल्य मोठं आहेच. पण त्याहून मोठं काम आधी होतं: ओळखण्याचं. नेमकं काय जोडलं गेलं नाही, काय विरघळलं नाही, काय मुळात तयारच झालं नाही, हे कळल्याशिवाय सर्वांत बारीक दुर्बीणसुद्धा नुकसान करू शकते.

हे सगळं घडतं कसं? गर्भ सहा आठवड्यांचा असताना त्याच्या पोटात दोन बारीक नळ्या तयार होऊ लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांच्या नावावरून त्यांना म्यूलेरियन नळ्या म्हणतात. मुलीच्या गर्भात या नळ्या खाली उतरतात, मध्यभागी एकमेकींना भेटतात आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांचा खालचा भाग एकजीव होतो. वरची दोन टोकं बीजवाहिन्या म्हणून वेगळी राहतात. जुळलेल्या भागाचं गर्भाशय, त्याचं तोंड आणि योनिमार्गाचा वरचा हिस्सा होतो. दोन नळ्या चिकटल्या म्हणजे मध्ये भिंत राहणारच. तीही विसाव्या आठवड्यापर्यंत विरघळून जाते. मूत्रपिंडं याच सुमारास, याच शेजारात घडत असतात. म्हणूनच एका घरातली चूक दुसऱ्या घरात दिसते.

नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन स्वतंत्र गर्भाशयं. अर्धवट जुळल्या तर वरून खाच असलेलं, दोन शिंगांसारखं गर्भाशय. जुळल्या, पण मधली भिंत राहिली तर बाहेरून एक आणि आतून दुभागलेलं. एकच नळी वाढली तर केळ्याच्या आकाराचं अर्धं गर्भाशय, कधी त्याला चिकटलेलं दुसऱ्या बाजूचं खुरटं शिंग. दोन्ही वाढल्या नाहीत तर गर्भाशयच नाही. योनिमार्गाची खालची जोडणी नीट झाली नाही तर त्यात आडवा पडदा. हे सगळे प्रकार एकत्र धरले तर ती दुर्मीळ गोष्ट नाही. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात सर्वसाधारण स्त्रियांपैकी साडेपाच टक्क्यांत आणि गर्भपात होणाऱ्यांपैकी तेरा टक्क्यांहून अधिक स्त्रियांत यातलं काही ना काही आढळलं. बहुतेकींचं आयुष्य त्याचा पत्ता न लागता सुखानं जातं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात दोन गर्भाशयं असलेल्या एका स्त्रीला डिसेंबर २०२३ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी, प्रत्येक गर्भाशयातून एक, अशा दोन मुली झाल्या.

खरा प्रश्न आहे तो अडलेल्या मार्गांचा आणि मुळात नसलेल्या अवयवांचा.

आत डोकावण्याचा खटाटोप जुना आहे. १८६९ मध्ये पँटालिओनी यांनी रक्तस्राव होणाऱ्या एका साठ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात नळी घालून, दिव्याच्या प्रकाशात आतला मांसांकुर पाहिला आणि सिल्व्हर नायट्रेट लावून जाळला. पोटात दुर्बीण घालण्याचा प्रयोग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर केला, स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० च्या सुमारास माणसावर. तरी जवळपास पुढची सत्तर वर्षं ही दुर्बीण प्रामुख्यानं पाहण्यापुरती राहिली. तिला हात फुटले ते जर्मनीतल्या कील इथले कुर्ट झेम यांच्यामुळे. झेम स्त्रीरोगतज्ज्ञ, १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना वैद्यकीय व्यवसायातून निलंबित करावं अशी सूचना केली होती. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते आणि १९९० मध्ये त्यांनी तिच्यातून पित्ताशयही काढलं. आज तालुक्याच्या गावातही 'दुर्बिणीतून करणार ना?' असं पेशंटच विचारतो.

पण दुर्बीण काय दाखवते आणि काय लपवते, हे समजायला आतून दुभागलेलं गर्भाशय हे उत्तम उदाहरण आहे.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीचा 'नळ्यांचा एक्स-रे' काढला जातो. औषध आत सोडल्यावर फिल्मवर इंग्रजी 'व्ही'सारखी दोन पोकळ्यांची आकृती उमटते. ही आकृती दोन वेगळ्या व्यंगांत हुबेहूब सारखी असू शकते. एकात बाहेरून गर्भाशय अखंड, आत फक्त भिंत. दुसऱ्यात बाहेरूनच खोल खाच, म्हणजे दोन शिंगं. पहिल्यात गर्भाशयाच्या तोंडातून दुर्बीण घालून भिंत कापता येते. दुसऱ्यात तसंच कापत गेलं तर काही मिलिमीटरमध्ये कात्री गर्भाशयाबाहेर, थेट पोटात निघते. एक्स-रे फक्त पोकळी दाखवतो, बाहेरची रेषा दाखवत नाही. ती रेषा पाहण्यासाठी पूर्वी पोटातूनही दुर्बीण घालावी लागे. आता थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयवर ती बहुधा स्पष्ट दिसते. 'सेप्टम (भिंत) आहे, काढून टाकू' एवढ्यावर टेबलावर जाण्याआधी प्रत्येक स्त्रीनं विचारायचा एकच प्रश्न आहे: बाहेरचा आकार पाहिला का?

भिंत कापण्याची क्रिया जवळून पाहिली तर फार नाजूक वाटते. सलाइननं फुगवलेली पोकळी पडद्यावर गुलाबी दिसते. मध्ये पांढुरकी, रक्त कमी असलेली भिंत. बारीक कात्री तिच्या मधोमध चालवायची, पुढून मागे नाही, डावी-उजवीकडे. भिंतीचे दोन भाग आपोआप मागे सरकतात. दोन्ही बीजवाहिन्यांची तोंडं एका नजरेत दिसली आणि कापलेल्या जागेतून रक्त येऊ लागलं की थांबायचं. रक्त म्हणजे भिंत संपली, गर्भाशयाचा स्नायू सुरू झाला. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. जर्मनीच्या श्ट्रासमान यांनी १९०७ मध्ये दुभंगलेलं गर्भाशय जोडण्यासाठी सुचवलेल्या शस्त्रक्रियेत पोट आणि गर्भाशय दोन्ही उघडावं लागे. पोट उघडून केलेल्या अशा शस्त्रक्रियांनंतर पुढचं बाळंतपणही सिझेरियननं करावं लागे.

इतकं सोपं झालेलं ऑपरेशन सगळीकडे होऊ लागलं, यात नवल नाही. मग नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं अनेक देशांत एक चाचणी झाली. भिंत असलेल्या ८० स्त्रियांपैकी निम्म्यांची भिंत कापली, निम्म्यांची तशीच ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कापलेल्या गटात ३१ टक्के स्त्रियांना मूल झालं, न कापलेल्या गटात ३५ टक्के. संख्या लहान होती, स्त्रिया मिळायला आठ वर्षं लागली, त्यामुळे वाद संपलेला नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या काहींसाठी ही शस्त्रक्रिया आजही विचारात घेतली जाते. पण 'दिसली की कापा' या सवयीला त्या आकड्यांनी लगाम घातला, हे बरंच झालं. छेद लहान असला म्हणून कारण लहान चालत नाही.

याउलट काही ठिकाणी थांबणं धोक्याचं. अर्ध्या गर्भाशयाला चिकटलेल्या खुरट्या शिंगात आतून अस्तर असेल आणि बाहेर जायला वाट नसेल, तर पाळीचं रक्त तिथे कोंडतं. क्वचित त्यात गर्भही राहतो. ते शिंग फुटलं तर पोटात रक्तस्राव होऊन बाईचा जीव जाऊ शकतो; फ्रान्सच्या मॉरिसो यांनी अशा घटनेची नोंद १६६९ मध्येच करून ठेवली आहे. आज असं शिंग दुर्बिणीतून काढता येतं. त्या बाजूची मूत्रवाहिनी कुठून जाते, मुळात आहे की नाही, हे मात्र सर्जनला आधी पाहावं लागतं. पुन्हा तेच मूत्रपिंडाचं शेजारपण.

आडव्या पडद्याच्या बाबतीत वेगळी सावधगिरी हवी. मुलीची पाळी आलेली नाही, पोट दुखतं, ओटीपोटात फुगवटा लागतो. घाईत कुणी सुई घालून साठलेलं रक्त काढून घेतं. दुखणं थांबतं, घरचे आभार मानतात. पण त्या सुईच्या वाटेनं जंतू आत शिरतात, साठलेल्या रक्तात पू होतो आणि तो बीजवाहिन्यांपर्यंत चढू शकतो. पडदा किती जाड आहे, किती वर आहे, हे एमआरआयवर पाहून, कायमची शस्त्रक्रिया ज्यांना करता येते त्यांनीच हात घालावा. तोवर गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवता येते. काही आठवडे थांबणं परवडतं. चुकीचा पहिला छेद परवडत नाही, कारण नंतरच्या व्रणांत योग्य जागा सापडणं कठीण होतं.

आता गर्भाशयच नसलेल्या मुली. साडेचार ते पाच हजार मुलींत एक, म्हणजे एक लाख मुलींमागे वीस-बावीस. या व्यंगाला चार डॉक्टरांची नावं आहेत, मायर, रोकिटान्स्की, क्युस्टर आणि हाउझर. पहिल्याचं वर्णन १८२९ चं, शेवटच्याचं १९६१ चं. बीजांडं उत्तम, स्तनांची वाढ नेहमीसारखी, गुणसूत्रं स्त्रीची. फक्त पाळी येत नाही. सोळा वर्षं झाली तरी आली नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं, कुणी 'उशिरा येते आमच्यात' म्हणून वाट पाहतं. कितीतरी घरांत हे लग्नानंतर उघड होतं आणि दोष मुलीच्या माथी मारला जातो.

योनिमार्ग तयार करण्याच्या पद्धतींचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. देशोदेशीच्या सर्जनांनी आतड्याचा तुकडा, मांडीची त्वचा असं काय काय वापरून पाहिलं. महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे घडवणारे आर्चिबल्ड मॅकिंडो यांची त्वचारोपणाची पद्धत १९३८ ची. इटलीचे वेकिएत्ती यांनी १९६५ मध्ये आणलेली युक्ती मात्र वेगळीच होती. ऑलिव्हच्या फळाएवढा अॅक्रिलिकचा मणी योनीच्या जागच्या खळग्यात ठेवायचा, त्याला बांधलेले दोरे ओटीपोटातून वर घेऊन पोटावरच्या एका चौकटीला जोडायचे आणि रोज थोडा ताण वाढवायचा. रोज साधारण एक सेंटिमीटर, आठवडाभर. मुलीची स्वतःचीच त्वचा ताणून मार्ग तयार होतो. १९९० नंतर दोरे ओवण्याचं काम दुर्बिणीतून होऊ लागलं. रशियाच्या डेव्हिडोव्ह यांच्या पद्धतीत पोटातलं अस्तर खाली ओढून मार्ग मढवतात. तीही आता दुर्बिणीतून करतात.

पण यातलं काहीच न करताही बहुतेकींचं काम होतं, हे मुलींना कुणी सांगत नाही. क्रमाक्रमानं मोठे होत जाणारे डायलेटर, म्हणजे मार्ग हळूहळू ताणणाऱ्या गुळगुळीत कांड्या, रोज काही मिनिटं स्वतः वापरणं हा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येही पहिला उपाय म्हणून सांगितला आहे, आणि नीट मार्गदर्शन मिळालं तर नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना तो पुरतो. त्यासाठी ऑपरेशन थिएटर लागत नाही. लागते ती बंद दाराची खोली, समजून सांगणारी एक समुपदेशक आणि कधी सुरू करायचं हे मुलीनं स्वतः ठरवणं. आईनं नाही, सासरनं तर नाहीच.

मूल हवं असेल तर? सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये मॅट्स ब्रॅनस्ट्रोम यांच्या चमूनं प्रत्यारोपण केलेल्या गर्भाशयातून जगातलं पहिलं बाळ जन्मलं. आई जन्मतः गर्भाशय नसलेली होती. स्वीडनमध्ये दात्या स्त्रीचं पोट उघडून गर्भाशय काढायला दहा तासांहून अधिक लागत. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं मे २०१७ मध्ये भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, तेव्हा दात्या आईचं गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्यानं मोकळं केलं गेलं. ते मिळालेली एकवीस वर्षांची मुलगी जन्मतः गर्भाशयाविना होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच रुग्णालयात प्रत्यारोपणानंतरचं देशातलं पहिलं बाळ जन्मलं. त्या बाळाच्या आईचा दोष जन्मजात नव्हता. दुसरा मार्ग सरोगसीचा. २०२१ च्या कायद्यानंतर गर्भाशय नसणं हे विवाहित जोडप्यासाठी मान्य वैद्यकीय कारण आहे. प्रत्यारोपण मोठं, खर्चिक आणि औषधांच्या बंधनात ठेवणारं आहे. ते सगळ्यांसाठी नाही.

गर्भाशय आहे, पण त्याचं तोंड आखूड किंवा कमजोर आहे, अशा स्त्रियांच्या संदर्भात एक नाव आपलं आहे. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाला बांधायचा टाका जगापुढे मांडला. आजही तो जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून घातला जातो. अर्ध्या गर्भाशयासारख्या व्यंगांत गर्भ अवेळी निसटण्याचा धोका असतो, आणि खालून टाका घालायला जागाच उरलेली नसेल तेव्हा तो दुर्बिणीतून वरून, पोटाच्या बाजूनं घालता येतो.

या विषयातली शेवटची अडचण सर्जरीची नाही, घरातली आहे. लग्न न झालेल्या मुलीची 'आतून' तपासणी म्हटलं की आई-वडील उठून निघतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, आणि तिच्यावर उत्तरही आहे. पोटावरून सोनोग्राफी होते, एमआरआय होतो, दोन्हींत मुलीला कुठेही आतून हात लावावा लागत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली, तरी इटलीच्या बेतोक्की यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तीन ते पाच मिलिमीटरची दुर्बीण पाण्याच्या झोतासोबत सरळ आत जाते. योनिपटल शाबूत ठेवून आतला पडदा कापल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. हे सगळं डॉक्टरांनी आधी, मुलीला समोर बसवून, तिच्या भाषेत सांगायला हवं. 'पिशवीत दोष आहे' एवढ्या तीन शब्दांवर कुणी मुलगी उभं आयुष्य काढू नये.

म्हणून वाचकांना एक विनंती. ज्या मुलीला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे, तिच्या आई-वडिलांनी ही गोष्ट कागदावर जपून ठेवावी आणि पाळी सुरू होण्याच्या सुमारास तिची पोटावरून एक सोनोग्राफी करून घ्यावी, दुखत नसलं तरी. आणि पाळीच्या दिवसांत महिन्यागणिक वाढत जाणाऱ्या दुखण्याला, ते कुठल्याही मुलीचं असो, 'सवय होते' असं कुणी म्हणू नये.